दर्यावरचा वारा कोण मोजतो?

२००९ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील १० तारखेची रात्र मला अजून आठवते. मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो. आमचे घर डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठापासून फार दूर नाही. माझे वडील खनिज वाहून नेणाऱ्या एका बार्जवर खलाशी होते. डिचोलीच्या बाजूच्या धक्क्यावर खनिज भरावयाचे, मांडवीच्या प्रवाहाबरोबर आग्वादपर्यंत यावयाचे आणि तेथून उघड्या समुद्रातून मुरगावच्या बंदरातील जहाजांकडे जावयाचे, असा त्यांचा क्रम असे. त्या रात्री ते घरी परतले नव्हते. अरबी समुद्रात 'फयान' नावाचे वादळ गोव्याच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे सरकत होते आणि वाऱ्याचा वेग ताशी इतके किलोमीटर आहे, असे दूरदर्शनवर पुनःपुन्हा सांगितले जात होते. आई बराच वेळ निमूटपणे ऐकत राहिली आणि मग एकाएकी म्हणाली, "हो आंकडो कोणें मेजलो? दर्यांत कोण उबो आसा मेजपाक?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी वडील सुखरूप घरी आले. ११ नोव्हेंबरच्या दुपारनंतर ते वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले. कोकण किनाऱ्यावरील कित्येक मच्छीमार मात्र त्यातून परत आले नाहीत. आईचा प्रश्न तसाच राहून गेला.

गेल्या वर्षी तो पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. आपल्या नववीच्या वर्गातील मुलांनी नारळाच्या तीन करवंट्या, तीन काठ्या आणि सायकलच्या चाकाचा जुना आस घेऊन वारा मोजण्याचे यंत्र केले. एक करवंटी तांबड्या रंगाने रंगविली, म्हणजे फेऱ्या मोजणे सोपे जाते. असे एक यंत्र शाळेच्या गच्चीवर आणि त्याच मापाचे दुसरे पटांगणात ठेवले. एकाच मिनिटात गच्चीवरच्या यंत्राच्या ६० फेऱ्या झाल्या, तर पटांगणातल्या यंत्राच्या ४०. केरीच्या बाजूने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने, जिचे वडील होडी घेऊन समुद्रात जातात, मला विचारले, "सर, ह्यांतला खरा वारा कुठला?"

मी कला शाखेचा पदवीधर. भाषा आणि भूगोल हे माझे विषय. परंतु या दोन प्रश्नांनी मला गप्प बसू दिले नाही. त्यानंतर जे वाचले आणि जाणत्यांकडून जे समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. वारा म्हणजे वाहती हवा, आणि हवा तर दिसत नाही. म्हणून आपण वारा कधीच प्रत्यक्ष मोजत नाही. वाऱ्याने दुसऱ्या कशावर तरी केलेला परिणाम मोजतो आणि त्यावरून वाऱ्याचा वेग ताडतो. झावळीचे हलणे, शिडाचे फुगणे, करवंटीचे फिरणे, पाण्यावर उठणारी लहर, हे सर्व वाऱ्याचे साक्षीदार होत. साक्षीदार जितके, तितक्या साक्षी. आणि प्रत्येकाची दृष्टी निराळी.

समुद्रावरील सर्वांत जुना साक्षीदार म्हणजे खलाशाचा डोळा. इंग्रज आरमारातील फ्रान्सिस ब्यूफर्ट या अधिकाऱ्याने १८०५च्या सुमारास वाऱ्याच्या शून्यापासून बारापर्यंत पायऱ्या ठरविल्या. त्याच्या मूळ कोष्टकात वेगाचे आकडे नव्हतेच. अमुक वाऱ्यात युद्धनौका किती शिडे उभारू शकेल, एवढेच त्यात सांगितले होते. पुढे शिडांची जहाजे मागे पडली तेव्हा समुद्राच्या रूपावरून पायऱ्या ओळखण्याची पद्धत आली. समुद्र आरशासारखा असेल तर शून्य. पांढऱ्या फेसाचे तुरे बरेच दिसू लागले की चौथी पायरी, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर. मोठ्या लाटा उठून सर्वत्र फेस पसरला की सहावी, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर. आणि ताशी ११८ किलोमीटरच्या वर गेला की बारावी पायरी, तुफान. आपल्याकडील तांडेलास या कोष्टकाचे नाव ठाऊक नसेल, पण पाण्याचा रंग आणि फेस पाहून होडी बाहेर काढावी की नाही हे ठरविताना तो हेच करीत असतो. या साक्षीदाराचा गुण असा की, तो जेथे माणूस आहे तेथे हजर असतो. दोष असा की, रात्री त्यास दिसत नाही, आणि दोन माणसांचे डोळे सारखे नसतात.

दुसरा साक्षीदार म्हणजे वाट्यांचे यंत्र, आपल्या करवंट्यांचे थोरले भावंड. आयर्लंडमधील आर्मा येथील वेधशाळेचे प्रमुख थॉमस रॉमनी रॉबिन्सन यांनी १८४६ साली चार वाट्यांचा वायुवेगमापक प्रसिद्ध केला. वाटीच्या पोकळ बाजूवर वाऱ्याचा जोर अधिक आणि फुगीर बाजूवर कमी, म्हणून वाट्या फिरत राहतात. वाट्यांच्या वेगाच्या तिप्पट वाऱ्याचा वेग असतो आणि वाटीचा आकार कोणताही असला तरी हे प्रमाण बदलत नाही, अशी रॉबिन्सन यांची समजूत होती. आपणही तोच हिशेब करून पाहू. आपल्या करवंटीचे आसापासूनचे अंतर २५ सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीत ती सुमारे १.५७ मीटर चालते. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे सेकंदाला एक फेरी. तेव्हा करवंटीचा वेग सेकंदाला १.५७ मीटर, आणि तिप्पट केल्यास वाऱ्याचा वेग सेकंदाला ४.७ मीटर, म्हणजेच ताशी सुमारे १७ किलोमीटर. हिशेब सुबक आहे; पण पुढील प्रयोगांनी असे दाखविले की, हे प्रमाण वाटीच्या आणि दांडीच्या मापाप्रमाणे बदलते. म्हणून आज प्रत्येक यंत्र, वाऱ्याचा वेग आधी ठाऊक असलेल्या बोगद्यात ठेवून पारखून घ्यावे लागते. ज्याची पारख झाली नाही असे यंत्र आकडा दाखवील, पण त्या आकड्यावर कोणाचा जीव सोपवू नये.

१९२६ साली कॅनडातील जॉन पॅटरसन यांनी तीन वाट्यांचे यंत्र सुधारून तयार केले आणि तेच रूप पुढे जगभर रूढ झाले. या यंत्राचीही एक खोड आहे. झोताबरोबर वाट्या चटकन वेग घेतात, पण झोत ओसरल्यावर तितक्या चटकन मंदावत नाहीत. त्यामुळे रपाट्याच्या वाऱ्यात ते सरासरी थोडी वाढवून सांगते. शिवाय खाऱ्या हवेत आस गंजतो आणि मग तेच यंत्र वेग घटवून सांगू लागते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना खाऱ्या हवेचा हा प्रताप वेगळा सांगावयास नको. घराच्या खिडक्यांच्या बिजागऱ्यांकडे पाहावे म्हणजे झाले.

फिरणारा भागच नको, या विचारातून तिसरे यंत्र निघाले. ते ध्वनीच्या साहाय्याने चालते. समोरासमोरच्या दोन टोकांमधून माणसास ऐकू न येणारा ध्वनी एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे सोडतात. वाऱ्याच्या दिशेने जाणारा ध्वनी लवकर पोचतो, विरुद्ध जाणारा उशिरा. टोकांमधील अंतर २० सेंटिमीटर आणि वारा सेकंदाला १० मीटर असेल, तर या दोन प्रवासांतील फरक एका सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकी सुमारे ३५ भाग एवढाच असतो! तो मोजून यंत्र वाऱ्याचा वेग आणि दिशा दोन्ही सांगते. त्यास गंजण्यासारखा आस नाही. परंतु टोकांवर पावसाचे थेंब बसले किंवा एखादा पक्षी विसावला तर तेही चुकते.

ही झाली यंत्रे. आता ती ठेवावयाची कोठे? येथेच आपल्या गच्चीचा आणि पटांगणाचा प्रश्न येतो. जमिनीलगत झाडे, भिंती आणि गवत यांच्याशी घासून वारा मंदावतो आणि जसजसे वर जावे तसतसा त्याचा वेग वाढत जातो. समुद्राचा पृष्ठभाग जमिनीहून गुळगुळीत असला तरी हा नियम तेथेही लागू आहे. म्हणून जगातील हवामानशास्त्रज्ञांनी ठरविले आहे की, वारा १० मीटर उंचीवर मोजावा, आणि अन्य उंचीवर मोजला असल्यास हिशेबाने १० मीटरवर आणावा. तेव्हा त्या विद्यार्थिनीस माझे उत्तर असे की, गच्चीवरचा वारा खरा आणि पटांगणातलाही खराच. परंतु दोघांची तुलना करावयाची तर आधी उंची सारखी करून घेतली पाहिजे. आपल्या पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर विमानतळ झाला असून तेथे ५ जानेवारी २०२३पासून विमाने उतरू लागली. विमानतळावर वारा अगदी काटेकोरपणे मोजावा लागतो. परंतु तो पठारावरील वारा होय. तेथील आकडा पाहून केरीच्या किंवा मोरजीच्या समोरच्या समुद्रातही तेवढाच वारा असेल, असे म्हणता येणार नाही.

मग समुद्रात जाऊनच मोजावे, तर त्यासाठी जहाज आहे. परंतु जहाज स्वतः चालते. समोरून येणाऱ्या वाऱ्याविरुद्ध जहाज सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असेल, तर त्यावरील यंत्र खऱ्या वाऱ्यापेक्षा ५ मीटर अधिक दाखवील. सायकल जोराने चालविताना शांत हवेतही तोंडावर वारा लागतो, तसेच हे. तो वेग वजा करता येतो. पण जहाजाचे उंच अंग वाऱ्यास अडविते आणि वळविते, त्याचा हिशेब करणे कठीण. शिवाय जहाजे ठरावीक मार्गांनीच जातात आणि वादळाची वर्दी मिळाली की शहाणा कप्तान तेथून दूर पळतो. म्हणजे जेथे मोजमापाची सर्वाधिक गरज, तेथेच मोजणारा नसतो!

यावर उपाय म्हणून समुद्रात बोये नांगरून ठेवण्यात येऊ लागले. मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथे १९९३ साली राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच तिच्या वतीने अरबी समुद्रात व बंगालच्या उपसागरात असे बोये सोडण्यास प्रारंभ झाला. त्यांतील एक बोया जवळजवळ गोव्याच्याच अक्षांशावर, सरळ पश्चिमेस सुमारे ५०० किलोमीटर अंतरावर, खोल समुद्रात ठेवला होता. आईच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर: दर्यात माणूस उभा नाही, पण बोया उभा आहे. तो रात्रंदिवस वारा, हवेचा दाब आणि तापमान मोजतो आणि उपग्रहाच्या द्वारे किनाऱ्याला कळवितो.

बोयाचे यंत्र पाण्यापासून साधारण ३ मीटर उंचीवरच असते. तेथे सेकंदाला ८ मीटर वारा असल्यास १० मीटर उंचीवर तो सुमारे ९ मीटर असतो, हा फरक हिशेबाने भरून काढावा लागतो. मोठ्या वादळात लाटा बोयापेक्षा उंच होतात; दोन लाटांच्या मधल्या खोलगट भागात तो गेला की वाऱ्यापासून आडोसा मिळतो आणि वेग कमी नोंदला जातो. आणखी अडचण संख्येची. एवढ्या अफाट समुद्रात मोजके बोये म्हणजे साऱ्या गोव्यात दिवाबत्तीसाठी चार समया ठेवाव्यात तसे. त्यांचा उजेड खरा, पण मधला काळोख फार मोठा.

तो काळोख उजळण्यासाठी मानवाने आकाशाचा आश्रय घेतला. डिचोली तालुक्यातील मयेचे तळे आपण पाहिलेच असेल. वारा पडलेला असतो तेव्हा त्यात डोंगराचे प्रतिबिंब स्वच्छ दिसते. एखादी झुळूक आली की तेवढा भाग चुरगळल्यासारखा होतो आणि प्रतिबिंब मोडते. पृष्ठभागाच्या या चुरगळण्यावरून वारा ओळखावयाचा, हीच कल्पना उपग्रहावरील स्कॅटरोमीटर या यंत्राच्या मुळाशी आहे. हे यंत्र समुद्रावर तिरप्या दिशेने रडारच्या लहरी सोडते. पाणी गुळगुळीत असेल तर त्या पुढे निघून जातात. वाऱ्याने पाण्यावर बोटाबोटाच्या लहरी उठविल्या असतील तर काही भाग उलट फिरून यंत्राकडे येतो. जितका वारा अधिक तितका प्रतिध्वनी मोठा. शिवाय वाऱ्याच्या रोखाने पाहिले तर प्रतिध्वनी जास्त आणि आडव्या दिशेने पाहिले तर कमी येतो. म्हणून एकच जागा निरनिराळ्या कोनांतून पाहिली की दिशाही समजते.

अमेरिकेच्या सीसॅट उपग्रहाने १९७८ साली हे तंत्र समुद्रावर आजमावून दाखविले, पण तो उपग्रह काही महिन्यांतच बंद पडला. १९९९ साली सोडलेला क्विकस्कॅट दहा वर्षे चालला. भारताने श्रीहरिकोट्याहून २३ सप्टेंबर २००९ रोजी ओशनसॅट-२ सोडला. त्यावर आपले स्वतःचे स्कॅटरोमीटर होते. सुमारे ७२० किलोमीटर उंचीवरून ते समुद्राचा १४०० किलोमीटरहून रुंद पट्टा एका दमात पाहत असे. योगायोग पाहा: फयान आले ते आपला उपग्रह नुकताच वर गेला होता तेव्हा, आणि क्विकस्कॅटची फिरती तबकडी थांबली ती त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २३ नोव्हेंबर २००९ रोजी. ओशनसॅट-२चे हे यंत्र २०१४ सालापर्यंत चालले. २६ सप्टेंबर २०१६ रोजी स्कॅटसॅट-१ गेला. त्याचे काम २०२१च्या फेब्रुवारीअखेर थांबले. पुढे मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्यासमोरून गेले, तेव्हा भारताचे स्वतःचे असे यंत्र आकाशात चालू नव्हते, आणि युरोपीय उपग्रहांच्या नोंदींचा आधार होता. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ओशनसॅट-३ सोडण्यात आला आणि ही साखळी पुन्हा जोडली गेली.

उपग्रहाने बोयाची उणीव भरून काढली, परंतु त्याच्याही मर्यादा आहेत. ओशनसॅट-२च्या यंत्राकडून अपेक्षा होती ती वेग सेकंदाला सुमारे २ मीटरच्या फरकाने आणि दिशा सुमारे २० अंशांच्या फरकाने अचूक सांगण्याची. त्याच्या लहरींची लांबी सुमारे सव्वादोन सेंटिमीटर असल्याने जोराचा पाऊस असेल तर थेंबच त्या लहरींना परतवितात आणि हिशेब बिघडतो. युरोपीय यंत्रांची लहर सुमारे पावणेसहा सेंटिमीटरची. तिला पाऊस तितका आडवा येत नाही, पण तिचा पट्टा अरुंद. वारा फारच प्रचंड झाला की प्रतिध्वनी वाढेनासा होतो आणि वादळाच्या गाभ्यातील वेग प्रत्यक्षाहून कमी दिसतो. म्हणूनच चक्रीवादळाचा जो आकडा आपण बातम्यांत ऐकतो, तो बहुधा ढगांच्या चित्रांवरून काढलेला असतो. वादळाभोवती ढगांचे वेटोळे किती घट्ट आणि किती नेटके आहे यावरून त्याचा जोर ठरविण्याची पद्धत अमेरिकेतील व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७०च्या दशकात बसविली. जेथे बोया, जहाज वा किनाऱ्यावरील यंत्र असेल तेथे त्याची साक्ष जोडून घेतात. फयानच्या त्या रात्री आई ऐकत होती तो आकडा असाच, अनेक साक्षी जुळवून केलेला अंदाज असणार.

आता तुलनेचा मुख्य प्रश्न. बोया म्हणतो ८, उपग्रह म्हणतो १०, खरे कोणाचे? दोघे एकच वस्तू मोजत नाहीत, हे येथे विसरता कामा नये. बोया एका बिंदूवरचा वारा काही मिनिटे मोजून त्याची सरासरी सांगतो. उपग्रह एका क्षणी साधारण २५ किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनाची सरासरी सांगतो. सेकंदाला ७ मीटर वेगाचा वारा २५ किलोमीटर जावयास जवळजवळ एक तास घेतो. म्हणजे उपग्रहाचे एक दर्शन हे बोयाच्या तासाभराच्या सरासरीशी ताडून पाहावयास हवे, एका झोताशी नव्हे. सरासरी किती वेळाची, हेही देशोदेशी निराळे आहे. आंतरराष्ट्रीय संकेत १० मिनिटांचा. चक्रीवादळांसाठी आपले हवामान खाते ३ मिनिटांची सरासरी देते आणि अमेरिकन लोक १ मिनिटाची. त्यामुळे एकाच वादळाचा अमेरिकन आकडा आपल्या आकड्याहून मोठा दिसतो. वादळ मोठे झालेले नसते. फूटपट्टी बदललेली असते.

उंची, वेळ आणि जागा यांचा मेळ घातल्यावरही जो फरक उरतो, तो कोणाच्या पदरी घालावयाचा? घरात दोन घड्याळे असली आणि त्यांत पाच मिनिटांचा फरक असला, तर चुकते कोणते हे कळत नाही. तिसरे घड्याळ आणले म्हणजे अंदाज बांधता येतो. हॉलंडमधील शास्त्रज्ञ आड स्टॉफेलेन यांनी १९९८ साली हाच न्याय वाऱ्याला लावला. बोया, उपग्रह आणि संगणकाने केलेले हवामानाचे गणित असे तीन परस्परांहून स्वतंत्र साक्षीदार घेऊन, त्यांच्या आपसांतील फरकांवरून प्रत्येकाची चूक किती हे काढण्याची रीत त्यांनी दाखविली. या रीतीत कोणासही आरंभीच निर्दोष मानलेले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कधीकधी वारा पडलेला असतानाही वायव्येकडून लाटा येतात. त्या येथल्या वाऱ्याच्या नसतातच. अरबस्तानाच्या बाजूस 'शमाल' नावाचे वारे वाहतात, त्यांनी उठविलेल्या त्या लाटा हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून आपल्याकडे पोचतात, असे दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले. दूरचा वारा नीट मोजला तरच त्या लाटांची पूर्वसूचना देता येते. फयानच्या वेळी किनाऱ्यावरील यंत्रांनी टिपलेला वारा आणि वेरे येथील समुद्रपातळीच्या नोंदी यांचा अभ्यासही त्याच संस्थेने त्याच वर्षी प्रसिद्ध केला. तेव्हा बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो, त्यामागे अशा सर्व नोंदींचे पाठबळ असते.

तथापि एक गोष्ट मनाला लागून राहते. रडारला जमिनीकडून येणारा प्रतिध्वनी समुद्राच्या प्रतिध्वनीहून कितीतरी मोठा असल्यामुळे किनाऱ्यालगतच्या सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात स्कॅटरोमीटरची साक्ष भरवशाची नसते. खोल समुद्रातील बोये तर शेकडो किलोमीटर दूर. आणि गोव्यात यांत्रिक ट्रॉलरांना मना असलेला, पारंपरिक रापणकार आणि होडीवाले यांच्यासाठी राखलेला समुद्र किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा. म्हणजे तेरेखोल, केरी, हरमल, मांद्रे, मोरजी येथील आपले लोक ज्या पाण्यात रोज जातात, तेच पाणी आकाशातल्या डोळ्याला सर्वांत अंधुक दिसते. त्यातच येथला वारा दिवसातून दोनदा पालटतो: पहाटे जमिनीकडून मतलई वारे, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे. आपला उपग्रह मध्यान्हीच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास जातो. खाऱ्या वाऱ्याचा दुपारनंतरचा ऐन भर त्याच्या वाट्याला येत नाही. या पट्ट्यासाठी किनाऱ्यावरची यंत्रे हवीत, आणि त्यांच्या जोडीला तांडेलाचा डोळाही हवा. तो साक्षीदार जुना झाला म्हणून बाद झालेला नाही.

म्हणून मला आपल्या विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. येत्या वर्षी आपण एक वही घालू. केरी, हरमल, मोरजी येथून येणाऱ्या मुलांनी समुद्रावर पांढरे तुरे दिसतात की नाही, वारा कोणत्या दिशेचा आहे, हे सकाळी आणि दुपारी किनाऱ्यावरूनच पाहून त्यात लिहावे. शाळेतील मुलांनी त्याच वेळी करवंट्यांच्या फेऱ्या मोजाव्यात. आणि त्या दिवशी हवामान खात्याने दिलेला वाऱ्याचा वेग शेजारी नोंदवावा. हे तीन रकाने पुष्कळदा जुळणार नाहीत. न जुळले तर कोणी खाडाखोड करू नये. का जुळले नाहीत, हे शोधण्यासाठीच ती वही असेल.

माझे वडील आता बार्जवर जात नाहीत. आईस मी या सुट्टीत हे सारे समजावून सांगितले: दर्यात बोया आहे, आकाशात उपग्रह आहे, किनाऱ्यावर यंत्र आहे, आणि तिघे एकमेकांस तपासून पाहतात. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आनी तांचें जुळना जाल्यार?" मी म्हटले, न जुळले तर दोष कोणाचा हे शोधतात, आणि तोवर होडी बाहेर काढू नये. ती म्हणाली, "तें बरें."